डेक्कन-प्रभात रस्त्यावरचा जुना बंगला घेऊन दुरुस्त करायचा आहे : काय बघावे, कुठे थांबावे?

अंगण_हवे
नमस्कार मंडळी. पुण्यात डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता या पट्ट्यात जुना बंगला घेऊन, तो न पाडता दुरुस्त करून राहायचे ठरवले आहे. सध्या दोन बंगले डोळ्यासमोर आहेत.

अ) १९३०च्या दशकातला. काळ्या दगडाचे जोते, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे व्हरांडा. मागे आउटहाउस आणि त्यात जुने भाडेकरू. पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. मालकी चार वारसांची.

ब) १९५०च्या दशकातला. विटांच्या भिंती, आरसीसी स्लॅब, वर गच्ची. एकच मालक, घर रिकामे. बाहेरून नुकताच रंग दिलाय, आत दोन खोल्यांच्या छताला नवे प्लॅस्टर दिसते.

किमती जवळपास सारख्या. कोणता घ्यावा? आणि पुन्हा बघायला जाताना नेमके काय तपासावे?

तिसरी_गल्ली
विकाऊ घराला ताजा रंग दिसला की तो कशावर चढवलाय ते आधी बघायचे. ‘ब’मधले ते दोन प्लॅस्टरचे तुकडे आतले लोखंडी गज झाकायला केलेले असण्याचीच शक्यता जास्त.

गज_आणि_गिलावा
तिसरी_गल्ली यांना अनुमोदन. त्या काळच्या स्लॅबमध्ये साधे गोल गुळगुळीत गज आणि खाली जेमतेम अर्धा इंच आवरण असते. काँक्रीट ताजे असताना अल्कधर्मी असते, म्हणून गज गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो गुण जातो. तो थर गजापर्यंत पोचला आणि वरून गळतीचे पाणी मिळाले की गज गंजतो, फुगतो आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे ढकलून देतो.

तपासायची पद्धत अशी:

छोटी हातोडी घ्या. शिडीवर चढून प्रत्येक खोलीचे छत फूट-फूट अंतरावर हलक्या हाताने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर खडूने तिथे गोल करा. शेवटी खाली उतरून ते सगळे गोल एकत्र बघा. एका कोपऱ्यातच असतील तर गळती तिथली. सगळ्या छतभर विखुरलेले असतील तर स्लॅबच थकला आहे.

बद्द आवाजाच्या जागी मालकाच्या परवानगीने थोडे काँक्रीट फोडायचे आणि ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण (अल्कोहोलमध्ये १ टक्का) फवारायचे. गुलाबी झाले तर तो भाग अजून सुरक्षित. रंगच आला नाही तर तिथपर्यंत काँक्रीटचा अल्कधर्मी गुण गेलेला आहे. गजाच्या मागेही रंग आला नाही तर वरवरच्या डागडुजीने भागणार नाही. ही बाटली काही शेकड्यांत येते आणि लाखोंचा निर्णय सांगते.

सगळ्यात आधी छज्जे बघा. पाऊस थेट त्यांच्यावर पडतो, त्यामुळे घराचा आजार पहिला तिथे दिसतो.

अंगण_हवे
बापरे, खूपच उपयोगी. पण समजा गज गंजलेले निघाले, तर दुरुस्ती होते का? की स्लॅब बदलावाच लागतो?

गज_आणि_गिलावा
होते, पण पायऱ्या गाळल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

१. आधी खाली टेकू लावायचे. टेकूशिवाय छिन्नी चालवू देऊ नका.
२. सैल काँक्रीट गजाच्या *मागेही* साधारण २० मिमी मोकळे होईपर्यंत काढायचे. नेमके हेच कुणी करत नाही. पुढून दिसतो तेवढा गज घासतात, मागचा गंज तसाच राहतो.
३. गज पांढरा होईपर्यंत तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टने साफ. गजाच्या छेदाचे क्षेत्रफळ पाव भागाहून जास्त घटले असेल तर शेजारी नवा गज, पुरेशा लांबीची जोड ठेवून.
४. गजाला झिंकचा प्रायमर, काँक्रीटला बाँडिंग कोट.
५. पॉलिमर मॉर्टर १०-१२ मिमीच्या थरांनी. ५० मिमीच्या आसपास खोली असेल तर फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट.
६. पाणी मारणे. सात दिवस, एकही चुकवायचा नाही.

आणि गच्चीवर जाऊन कोबा (गळती अडवायला वर घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) किती जाड आहे ते मोजा. अशा घरांत गळती झाली की जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकतात. १० सेंमी कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. गच्चीवर माणसांच्या वावराचा भार १५० किलो धरतात, म्हणजे कोब्याचा एकच जादा थर त्याहून जड. पाणी जायच्या तोंडाशी किंवा दाराच्या उंबऱ्याशी बघा. उंबरा गच्चीच्या पातळीला आला असेल तर थरावर थर चढलेत.

जाईजुई
‘अ’ घ्या हो! कौले, व्हरांडा, जाईचा मांडव… स्लॅबच्या घरात ती मजा नाही.

चिरेबंदी
जाईजुई, मजा नंतर, आधी ओल. :)

‘अ’च्या भिंतीबद्दल. कमरेपर्यंतची ओल जमिनीतून चढलेली असू शकते, पण पश्चिमेचीच भिंत ओली असेल तर आधी पाऊस, पन्हळ आणि बाहेरची जमीन बघा. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. बाहेर जाऊन तीन गोष्टी तपासा:

- अंगणाची पातळी जोत्यावर चढली आहे का? फरशीवर फरशी, वाफ्यात माती, असे करत दर काही वर्षांनी बाहेरची जमीन वर येते. मूळ जोते दोन-अडीच फूट असेल आणि आता एकच फूट दिसत असेल, तर निम्मे उत्तर मिळाले.
- पन्हळ फुटलेली किंवा मुळात काढून टाकलेली आहे का? वळचणीचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडते. त्याचा चिखलाचा पट्टा फूट-दीड फुटापर्यंत दिसतो.
- भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आहे का?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते. त्यावर सिमेंट लावले आणि वर प्लॅस्टिक पेंट, की पाणी आत अडकते, वाट शोधत वर चढते आणि बरोबर क्षार नेते. आतून लोणा लागतो, पोपडे सुटतात. मग लोक आतूनही सिमेंट लावतात आणि ओल छातीपर्यंत जाते. ओलीची रेघ जिथे संपते तिथे बहुतेक वेळा सिमेंटच्या गिलाव्याची रेघही संपते. बोटाने चाचपून बघा, कडा लागते.

उपाय: सिमेंट काढा. विटांमधले भुसभुशीत सांधे इंचभर खोल खरवडा. भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. मग चुना-वाळू १:३, त्यात थोडी सुरखी (विटांची पूड). चुना किमान तीन आठवडे पाण्यात भिजवलेला हवा. अर्धवट भिजलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फुटकुळ्या येतात. थर १२ मिमीच्या आसपास, ओले गोणपाट लावून आठवडाभर सावकाश वाळू द्यायचे. वर चुन्याचीच सफेदी. दगडी जोत्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सुद्धा चुन्यानेच भरायच्या.

पक्के_काम
असहमत. आता कोण चुना भिजवत बसतो? तसे गवंडी मिळत नाहीत. भिंतीला भोके पाडून ओल अडवणारे केमिकल इंजेक्ट करतात, वर वॉटरप्रूफ सिमेंट प्लॅस्टर. महिन्याभरात काम संपते.

चिरेबंदी
पक्के_काम, गवंड्यांचे तुमचे म्हणणे बरोबर, शोधावे लागतात. वाड्यांच्या आणि देवळांच्या जीर्णोद्धारावर काम करणारे असतात, त्यांच्याकडे विचारायचे. पण इंजेक्शनबद्दल: ते एकसलग विटांच्या सांध्यात काम करते. १४-१८ इंची जुन्या भिंतीत आत पोकळ्या असतात, केमिकल तिथे जाऊन बसते आणि सलग पडदा तयारच होत नाही. शिवाय बाहेरची जमीन जोत्यावर चढलेली असेल तर पाणी इंजेक्शनच्या रेघेच्या वरूनच आत येणार. आधी अंगण खोदून पातळी खाली घ्या, भिंतीलगत दोन फूट रुंद उताराची चर काढून खडी भरा, पन्हळ लावा. एक पावसाळा थांबा. बहुतेक ओल यानेच उतरते आणि मग इंजेक्शनचा प्रश्न राहत नाही.

पक्के_काम
आधी पातळी आणि पन्हळ, हे मान्य. पण बाथरूममध्ये मी तरी सिमेंटच करेन.

चिरेबंदी
बाथरूममध्ये करा. तिथे माझाही आग्रह नाही.

दस्तऐवज
भिंती-छपरावर एवढे बोलून झाले, आता कागदांवर येऊ. या भागात घर कागदावरच पडते.

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नगर भूमापन कार्यालयातून ताजी काढा. मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणीचे क्षेत्र जुळते का ते मोजणी करून बघा. कुंपण फूटभर इकडे-तिकडे असणे नेहमीचे आहे. सूची क्रमांक २ चा (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची) किमान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. जुन्या वर्षांची पुस्तके दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष बघावी लागतात. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. तिच्यातून कधी कधी असा वारस पुढे येतो ज्याचे नाव कुणीच काढलेले नसते.

‘अ’चे चार वारस: चौघांचीही सही खरेदीखतावर हवी. कुणी हक्क सोडला असे सांगत असतील तर हक्कसोडपत्र *नोंदणीकृत* आहे का बघा, स्टँपपेपरवरचे चालत नाही. मुलींची नावे गाळलेली नाहीत ना हेही. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. मृत्युपत्र असेल तर पुण्यात प्रोबेट (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे) सक्तीचे नाही, पण बाकीच्या वारसांची लेखी संमती घेतलेली बरी.

वारसांपैकी एखादा परदेशात असणे या भागात अगदी नेहमीचे. त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित झालेले हवे. अनिवासी विकणाऱ्याचा टीडीएस नेहमीचा १ टक्का नसतो, भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागतो. कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

आणखी एक: काही सोसायट्यांत जमीन सोसायटीच्या नावावर आणि सभासदाकडे फक्त भाडेपट्टा असतो. तसे असेल तर पट्ट्याची उरलेली मुदत, नूतनीकरणाची अट आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र आधी बघा.

अंगण_हवे
आणि आउटहाउसमधले भाडेकरू? विकणारे म्हणतात, “ते जातील, बोलणे झाले आहे.”

दस्तऐवज
बोलण्यावर एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि त्याच्यानंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयालाही ते मिळू शकते. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही, तो तुमचा भाडेकरू होतो. दावा लघुवाद न्यायालयात चालतो आणि त्याला वर्षे लागतात.

दोनच सरळ वाटा. एक: विकणाऱ्यांनी भाडेकरूंशी तडजोड करून नोंदणीकृत दस्ताने ताबा घ्यायचा आणि रिकामे आउटहाउस दाखवल्यावरच तुमचे खरेदीखत. दोन: भाडेकरू राहणार हे गृहीत धरून किंमत उतरवायची. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला हक्काचे पैसे देऊन सन्मानाने मार्ग काढणे सगळ्यांच्या भल्याचे असते. पाणी तोडणे, त्रास देणे असले प्रकार बेकायदा तर आहेतच, वर तुमचीच केस कमजोर करतात.

झरोका
किमतीबद्दल कुणी बोलले नाही अजून. इथे बंगल्याला जी किंमत सांगतात ती जमिनीची असते, म्हणजे बिल्डर किती देईल ती. म्हणून समोरचा रस्ता मोजा. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) मिळत नाही. तशा गल्लीतल्या प्लॉटला बिल्डर कमी देतो, आणि राहण्यासाठी घेणाऱ्याला भावात वाव मिळतो.

दुसरी बाजू: पुण्यात ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा विषय २०२० मध्येच निघाला होता. महापालिकेकडून झोन दाखला आणि रस्तारेषेचा अभिप्राय घ्या. व्हरांड्याची पुढची कड रस्तारेषेत जाते का ते नकाशावर बघा. हेरिटेज यादीत नाव आहे का, असल्यास श्रेणी कोणती, हेही तिथेच विचारा.

मुद्रांक शुल्क पुणे शहरात ७ टक्के, घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास ६. नोंदणी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

कौलारू
‘अ’च्या छपराकडे या. खालून बघून काही कळत नाही. पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन चढा आणि कैचीची (छपराच्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याची) टोके भिंतीत जिथे बसतात तिथे जा. छप्पर मधून कधी जात नाही, ते टोकाला जाते. तिथे पन्हळीचे पाणी झिरपते, हवा लागत नाही, वाळवी भिंतीतून थेट लाकडात येते. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि तुळईच्या टोकाला दाबा. चांगल्या सागात टोक जेमतेम खूण करते. कुजलेल्यात ते ओल्या पावात गेल्यासारखे आत जाते. प्रत्येक टोक, एकही सोडू नका. साग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आतले तपकिरी लाकूड वाळवी सहसा सोडते, बाहेरचे पांढरे खाते, आणि रंग दिलेला असला की दोन्ही सारखेच दिसतात.

टोके कुजली असली तरी कैची टाकून द्यायची नसते. टेकू देऊन कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, तिरक्या सांध्याने जुनेच सागवान जोडायचे, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. पाडलेल्या घरांचे सागवान जुन्या बाजारात मिळते, पूर्ण वाळलेले असते आणि नव्यापेक्षा सरस.

कौले: चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उतरवताना दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवायची. एक पाखे रिकामे आणि दुसरे भरलेले ठेवले तर कैची एका अंगाला झुकते. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवायचे. चांगले वाजते, तडकलेले भसाडे बोलते. निम्म्याहून अधिक परत वापरता येतात. रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) मात्र सगळ्या नव्या घाला, तिथे काटकसर नको.

रानवारा
पणजीहून. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती, तिथेही हेच: सिमेंट लावले की ओल आत कोंडते. कौलांखाली प्लॅस्टिकचे कापड थेट टाकू नका, लाकूड घामेजते. खाली हवा खेळायला जागा हवी.

नळजोड
जमिनीखालचे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. या वयाच्या घरांत सांडपाण्याचे पाइप चिनी मातीचे असतात, सांधे सिमेंटचे. बाहेर उंबर, आंबा, जांभूळ असे जुने झाड असेल तर मुळे सांध्यातून आत गेलेली असणार. चेंबरची झाकणे उघडा, वरच्या चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओता आणि खालच्यात किती वेळाने, किती जोराने येते ते बघा. कमी आले तर बाकीचे जमिनीत, बहुधा पायाशी जिरतेय. नवी लाइन टाकताना ४ इंचीला १:४०, ६ इंचीला १:६० उतार.

बागेखाली जुनी सेप्टिक टाकी असू शकते. नकाशावर नसते. उपसून, तळ फोडून, दगड-मुरूम ठासून भरा, नाहीतर एक दिवस कुणीतरी आत जाईल. झाड मध्ये येत असेल तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावू नका.

नळाची लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर ती सगळी बदलायची, तुकडे जोडत बसू नका. वायरिंगही तसेच. लाकडी केसिंग-केपिंगमधली रबरी वायर हात लावताच भुगा होते. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). भिंतीत शक्यतो आडव्या झिऱ्या (वायर-पाइपसाठीच्या चरी) पाडू देऊ नका. भार घेणाऱ्या भिंतीत आडवी झिरी जाडीच्या १/६, उभी १/३ याहून खोल नको.

शेवंता
वाळवीचे राहिले. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर १२ मिमीची भोके, फूट-फूट अंतरावर, प्रत्येकात साधारण लिटरभर औषध. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी असेल तर लिटर पाण्याला २.१ मिली. हे *फरशी बदलण्याआधी* करायचे. आणि जुन्या नक्षीच्या सिमेंट टाइल असतील तर ॲसिडने धुऊ नका, जोरात मशीन पॉलिशही नको. रंगाचा थर वरचा काही मिलिमीटरच असतो, एकदा गेला की गेला. साधा साबण आणि तेलाचा हात पुरतो. तुटलेल्या चार-सहा बदलायला तशा टाइल अजून बनतात, मुंबईची भारत टाइल्स १९२२ पासून करते आहे.

तिसरी_गल्ली
नदीच्या बाजूच्या गल्लीत असाल तर पानशेत धरण फुटल्याचा पूर विसरू नका. १२ जुलै १९६१ ला डेक्कनचा सखल भाग पाण्याखाली होता. तेव्हा उभ्या असलेल्या घरांच्या फरशीखालची भर धुपून पोकळ झालेली असू शकते. फरशीवर टाच आपटत चाला, ढब-ढब वाजले तर खाली पोकळ. आणि आजची निळी पूररेषा विकास योजनेच्या नकाशावर बघूनच पुढे जा.

अंगण_हवे
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर येतो: अ की ब?

गज_आणि_गिलावा
फिनॉल्फ्थॅलिनने गजापर्यंत गुलाबी दाखवले तर ‘ब’. नाही दाखवले तर ‘ब’चा स्लॅब उतरवून नवा, म्हणजे भिंतीही तपासणे आले, खर्च जवळपास नव्या घराचा.

चिरेबंदी
माझे मत ‘अ’. चुना, लाकूड, कौल यांचा एक-एक तुकडा बदलता येतो. थकलेल्या स्लॅबचे तसे नाही. पण ओल आणि भाडेकरू या दोन्हींचा हिशोब किमतीत वळता झाला पाहिजे.

दस्तऐवज
‘अ’, पण रिकामे आउटहाउस आणि चार सह्या असतील तरच. बँकेशीही आत्ताच बोला. मंजूर नकाशा आणि इमारतीच्या उरलेल्या आयुष्याबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागतात. दोन्ही नसेल तर कर्ज अडते आणि तोवर तुमचा इसार गेलेला असतो.

पक्के_काम
मी ‘ब’ म्हणणार होतो, पण कोब्याचा हिशोब वाचून थांबलो. एवढेच सांगतो: अंदाजपत्रकावर २०-२५ टक्के बाजूला ठेवा, जोते उघडल्यावर लागतात.

अंगण_हवे
ठरले. ‘ब’ला हातोडी आणि बाटली घेऊन रविवारी, मालकाने हो म्हटले आहे. ‘अ’च्या वारसांना कळवले की आउटहाउसचा नोंदणीकृत दस्त झाल्याशिवाय इसार नाही. आणि ‘अ’ पुन्हा बघायला जुलैत, भर पावसात जाणार.

कौलारू
जुलैत जाणार असाल तर पाऊस पडत असतानाच पोटमाळ्यावर चढा, बॅटरी बंद करा आणि पाच मिनिटे अंधारात बसा. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते. खडू बरोबर ठेवा.